जखमींच्या रकान्यात एकच नाव

राज्याच्या आरोग्य, परिवहन आणि गृह खात्यांच्या मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात माझ्या मुलीच्या दाव्याची सुनावणी होती. तिच्या ऑपरेशनची, औषधांची, फिजिओथेरपीची बिलं विमा कंपनीच्या वकिलांनी फार खळखळ न करता मान्य केली. त्याच फाइलमध्ये माझ्या मनोविकारतज्ज्ञांची आणि माझ्या पतीच्या समुपदेशनाची बिलं होती. त्यांवर मात्र हरकत आली. वकील म्हणाले, या प्रकरणात जखमी आहे ती अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, अर्जदार. तिच्या आईवडिलांना साधं खरचटलेलंही नाही, सबब ही बिलं विचारात घेऊ नयेत.

ते नियमाला धरून बोलले. माझा राग त्यांच्यावर नाही. दवाखाना, पोलीस ठाणं, सरकारी योजना, जिथे जिथे आम्ही गेलो तिथे आम्हाला वागणुकीतून हेच सांगितलं गेलं होतं. त्यांनी ते फक्त तोंडाने म्हटलं. रस्त्यावर मूल जखमी झालं की सरकारच्या प्रत्येक कागदावर जखमी म्हणून एकच नाव लिहिलं जातं. हे खरं नाही. तीन खाती मिळून हे बदलू शकतात, म्हणून आपणा तिघांना एकत्र लिहिते आहे, आणि उघडपणे लिहिते आहे, कारण माझ्यासारखे आईबाप तालुक्यातालुक्यात आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना आपल्याला काय झालंय हेच कोणी सांगितलेलं नाही.

आमचं गाव पश्चिम महाराष्ट्रातलं, महामार्गालगतचं, तालुक्याचं. डिसेंबर २०२४ मध्ये, ऊसतोडीचा हंगाम जोरात असताना, हा अपघात झाला. मुलगी तेव्हा तिसरीत होती. शाळेची रिक्षा सर्व्हिस रोडच्या पलीकडे थांबते आणि मी अलीकडे उभी असते. रिक्षावाल्या काकांनी दोन्ही बाजू बघून तिला सोडलं. उलट्या दिशेने आलेल्या पिकअपने तिला उडवलं. मांडीचं हाड मोडलं, डोक्याला मार लागला, आयसीयूत ठेवावं लागलं. ती वाचली. आता पाचवीत आहे, पळते, भावाशी भांडते, सायकल मागते. तिला उचलून आपल्या गाडीत घालणारा अनोळखी माणूस, रात्रभर तिच्या उशाशी उभ्या राहणाऱ्या सिस्टर, तिचं हाड जुळवणारे डॉक्टर, या सगळ्यांचे उपकार आहेत आणि ते मी कधी विसरणार नाही.

ती घरी आली आणि माझा आजार सुरू झाला. खरं म्हणजे तो आधीच सुरू झाला होता. तोवर तिच्या सलाइनकडे बघण्यात माझं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ब्रेकचा कर्कश आवाज आला की मी जिथे असेन तिथे, स्वयंपाकघरात, बँकेच्या रांगेत, पुन्हा त्या रस्त्याच्या कडेला उभी असते. हे आठवणं नव्हे. आठवण आली की माणसाला कळतं की ही आठवण आहे. मला ते पुन्हा घडताना दिसतं, तिच्या दप्तराच्या रंगासकट. रात्री उठून तिच्या नाकापाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायचं, परत झोपायचं, परत उठायचं. सर्व्हिस रोड टाळायला मी मळ्यातल्या वाटेने बाजाराला जाऊ लागले. धाकट्या मुलाने खेळताना बाटली आपटली तर त्याच्यावर अशी ओरडले की शेजारच्या काकू धावत आल्या. तिच्या वाढदिवसाला घरभर माणसं होती, ती हसत होती, आणि मला काहीच वाटत नव्हतं. आनंद नाही, दुःखही नाही. त्या दिवशी मी स्वतःलाच घाबरले.

माझे पती तिथे नव्हते. ते कामावर होते आणि त्यांना अनोळखी नंबरवरून फोन आला. त्यांनी अपघात पाहिला नाही, म्हणून त्यांना काही झालं असेल असं कोणाच्या मनातही आलं नाही, त्यांच्या स्वतःच्याही नाही. पण अनोळखी नंबर दिसला की आजही त्यांचे हात घामाने भिजतात. न पाहिलेला प्रसंग ते रोज वेगवेगळ्या तऱ्हेने पाहतात. पुरुषमाणूस म्हणून त्यांनी तो कोणाला सांगितला नाही. घरात बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं, आणि लोक म्हणाले की कर्जाचं टेन्शन असेल.

या आजाराला वैद्यकशास्त्रात नाव आहे. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर जडणारा तणावविकार. १९८० साली अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत तो पहिल्यांदा नोंदला गेला, आणि २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत कारणांमध्ये स्पष्ट लिहिलं आहे की आघात स्वतःवर झालेला असो, डोळ्यांनी पाहिलेला असो, की जिवलगावर हिंसेत वा अपघातात ओढवलेला प्रसंग नुसता कळलेला असो, या तिन्ही वाटांनी हा विकार होऊ शकतो. म्हणजे मी दुसऱ्या वाटेवर आहे आणि माझे पती तिसऱ्या. 'माझ्यामुळेच झालं' हा कारण नसताना येणारा अपराधभावसुद्धा त्याच पुस्तिकेत लक्षण म्हणून नोंदलेला आहे. मला ते वाचून रडू आलं होतं. पोलिसांचा तपास सांगतो की चूक उलट्या दिशेने गाडी घालणाऱ्याची आहे, आणि तरी आमच्या घरी आलेल्या निम्म्या नातेवाइकांनी पहिला प्रश्न विचारला होता तो, "तू कुठं होतीस?"

असं होणाऱ्या आईबापांची संख्या थोडी नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाला १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रस्ते अपघातात जखमी झालेली १०२ मुलं आणि त्यांचे पालक त्यात होते. मुलांपैकी २५ टक्क्यांना आणि पालकांपैकी १५ टक्क्यांना निदान करता येईल असा पीटीएसडी आढळला. त्या आजारी पालकांपैकी स्वतःसाठी कोणत्याही स्वरूपाची मदत मागणारे फक्त २० टक्के होते. दुखापत किती मोठी होती यावरून हा आजार कोणाला होईल हे ठरवता येत नाही, हेही या क्षेत्रातल्या अभ्यासांतून पुढे आलं आहे. पाय मोडला म्हणून आईला होईल आणि नुसतं खरचटलं म्हणून होणार नाही, असं नसतं. आता आपल्याकडचं पाहा. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत अठरा वर्षांखालची ९,५२८ होती. जखमींची एकूण संख्या ४,४३,३६६. त्यांतल्या प्रत्येक मुलामागे कोणीतरी घरी होतं किंवा रस्त्याच्या कडेला उभं होतं. महामार्गांवर जागोजागी आपल्याच खात्यांचे फलक असतात, 'घरी कोणीतरी तुमची वाट पाहत आहे.' त्या वाट पाहणाऱ्याचं पुढे काय होतं, याची नोंद मात्र आपल्या कोणत्याच खात्याकडे नाही.

आता तक्रारी मांडते.

पहिली आरोग्य खात्याकडे, आणि तीच सगळ्यांत मोठी आहे. मुलगी दवाखान्यात असताना माझ्याकडून कितीतरी संमतिपत्रांवर सह्या घेतल्या गेल्या. भूल, रक्त, ऑपरेशन, पुन्हा भूल. सह्या करताना माझा हात इतका थरथरत होता की एकदा सही जुळत नाही म्हणून कागद परत आला. तो हात सगळ्यांनी पाहिला. कोणी विचारलं नाही. आयसीयूच्या दाराशी मला सांगण्यात आलं, "पेशंटसमोर रडायचं नाही." बरोबर आहे. मग कुठे रडायचं? त्या मजल्यावर नातेवाइकांना बसायला जिन्याखाली एक बाक होतं. डिस्चार्ज कार्डावर टाके काढायची तारीख होती, वजन कधी टाकायचं ते होतं, झटका आला तर काय करायचं ते होतं. मुलगी रात्री दचकून उठेल, रिक्षात बसायला नकार देईल, आई झोपणार नाही, बाप बोलणार नाही, याबद्दल एक ओळ नव्हती.

ही ओळ लिहायला पैसे लागत नाहीत. ज्या फिलाडेल्फियात तो अभ्यास झाला तिथल्याच संशोधकांनी २००३ साली बारा प्रश्नांची एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली. चार प्रश्न मुलाला, चार आईला किंवा वडिलांना, आणि चार गोष्टी केसपेपरवरूनच पाहायच्या. कोणत्या मुलाला आणि कोणत्या पालकाला पुढे हा त्रास होण्याची शक्यता आहे, हे त्यावरून आधीच ओळखायचं. तिथल्या बालरुग्णालयांसाठी आखलेल्या पद्धतीत आणखी सोपं सूत्र आहे: जीव वाचवून झाला की मुलाच्या मनाची वेदना बघा, त्याला आधार कोण देतंय ते बघा, आणि त्याचं कुटुंब कसं आहे ते बघा. हे परिचारिका करू शकतात, आपल्या परिचारिका तर नक्कीच करू शकतात. त्यांना कोणी हे काम म्हणून सांगितलेलं नाही एवढंच.

घरी आल्यावर झोप लागत नाही म्हणून मी गावातल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी गोळ्या दिल्या आणि त्या मी बरेच महिने घेतल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचना मला पुष्कळ नंतर कळल्या. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात तीव्र ताणाच्या लक्षणांसाठी बेंझोडायझेपिन गटातल्या, म्हणजे झोपेसाठी आणि मन शांत करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या, गोळ्या देऊ नयेत, असं त्यांत म्हटलं आहे. पीटीएसडी झालेल्या मोठ्या माणसांसाठी आघातावर केंद्रित मानसोपचार आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आघाताच्या आठवणी हाताळण्याची पद्धत) हे उपचार त्यांत सुचवलेले आहेत. या सूचना तालुक्याच्या डॉक्टरांपर्यंत पोचवणं हे त्या डॉक्टरांचं काम नव्हे, खात्याचं आहे. देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १८ ने प्रत्येकाला सरकारी मानसिक आरोग्यसेवेचा हक्क दिला आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानसची १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा आहे. हे सगळं अस्तित्वात असताना मला योग्य उपचार मिळायला वर्ष उलटावं लागलं, आणि तेही मुलीच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी माझा चेहरा बघून विचारलं म्हणून.

इथे एका बाईबद्दल सांगते. आयसीयूबाहेर माझ्या शेजारी बीडकडची ऊसतोड कामगार बसलेली असायची. तिचा मुलगा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली आला होता. आम्ही एकमेकींची भाकरी खाल्ली. तिच्या नवऱ्याने मुकादमाकडून उचल घेतलेली होती, म्हणून मुलाला सोडताच आठवड्याच्या आत तिने पुन्हा कोयता हातात घेतला. त्याच ट्रॉल्या, त्याच रस्त्यावर, तिच्या डोळ्यांसमोर रोज. मला जिल्ह्याच्या गावी जाऊन उपचार घेता आले, कारण आमच्याकडे पगार होता आणि सासूबाईंनी घर धरून ठेवलं. तिच्याकडे काय होतं? ती आता कुठे असेल, मला माहीत नाही. या पत्रात मी जे मागते आहे ते आधी तिच्यासाठी आहे.

दुसरी तक्रार गृह खात्याकडे. मुलगी बेशुद्ध असताना माझा जबाब आयसीयूच्या दारात उभ्या उभ्या घेतला गेला. मग दुसऱ्या अंमलदारांनी परत विचारलं. मग पंचनाम्यात काही राहिलं म्हणून मला त्या जागेवर बोलावलं गेलं, रस्त्यावर डाग दिसत असतानाच. तपास हवा, जबाब हवा, मला न्याय हवाच आहे. पण तो जबाब बसून, एकदाच, एखाद्या महिला अंमलदारासमोर, पाण्याचा ग्लास शेजारी ठेवून घेता आला असता. त्यानंतर महिनोन्महिने काहीच नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 'पीडित' या व्याख्येत पालकाचाही समावेश आहे, आणि तपास कुठवर आला हे फिर्यादीला किंवा पीडिताला नव्वद दिवसांच्या आत कळवावं असं कलम १९३ सांगतं. आम्हाला कळलं ते पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवून.

आणि ती क्लिप. चौकातल्या एका दुकानाच्या सीसीटीव्हीत अपघात टिपला गेला होता. तपासासाठी ते चित्रण घेतलं गेलं, आणि दोन दिवसांत ते गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर होतं. खाली हात जोडलेल्या खुणा, 'पालकांनो सावध राहा' असे उपदेश, आणि वर माझी मुलगी हवेत उडताना. माझ्या पतीला ते त्यांच्याच कार्यालयाच्या ग्रुपवर आलं. जे त्यांनी पाहिलं नव्हतं ते त्यांना अशा रीतीने दाखवलं गेलं. अजूनही दर काही महिन्यांनी ती क्लिप कुठून तरी फिरून येते, एकदा तर आमच्या गावाऐवजी भलत्याच गावाचं नाव घालून. गुन्ह्यात बळी पडलेल्या बालकाची ओळख उघड होईल असं काही प्रसिद्ध करायला बालन्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई केलेली आहे. आम्ही अर्ज दिला. क्लिप कोणाकडून बाहेर गेली, याचं उत्तर आजवर मिळालेलं नाही. मंत्रिमहोदय, बाकी काही जमलं नाही तरी हे एवढं थांबवा. ज्या घरात पोर मरणाच्या दारातून परत आलं आहे, त्या घरी ते दृश्य पुन्हा पुन्हा पाठवणं हा नवा आघात आहे, आणि तो पूर्णपणे टाळता येण्यासारखा आहे.

तिसरी तक्रार पैशांची, आणि ती मी संकोच न करता मांडते. मे २०२५ मध्ये केंद्राने रस्ते अपघातग्रस्तांसाठी विनारोकड उपचारांची योजना अधिसूचित केली. दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार, अपघातापासून सात दिवस. आमच्या वेळी ही योजना नव्हती; आता आहे याचा मला मनापासून आनंद आहे, तिने जीव वाचतील. पण पीटीएसडीचं निदान करायलाच लक्षणं महिन्याहून अधिक काळ असावी लागतात. योजना सातव्या दिवशी संपते आणि हा आजार त्यानंतर तीन आठवडे उलटल्यावरच कागदावर येऊ शकतो. शिवाय योजनेत अपघातग्रस्त म्हणजे ज्याच्या अंगाला इजा झाली तो. खासगी आरोग्यविम्याचं म्हणाल तर २०१७ च्याच कायद्यात, कलम २१ मध्ये, मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा असं आहे. प्रत्यक्षात आमची पॉलिसी दवाखान्यात दाखल झाल्याशिवाय पैसे देत नाही, आणि समुपदेशनासाठी कोणी दाखल होत नसतं.

न्यायालयांनी या बाबतीत काहीच पाहिलं नाही असंही नाही. मल्लिकार्जुन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली अपघातात अपंगत्व आलेल्या मुलांच्या भरपाईची नीट आखणी करून दिली. त्यात पालकांसाठीही एक बाब आहे: मूल दवाखान्यात असतानाच्या काळात आईवडिलांना झालेला त्रास, गैरसोय आणि बुडालेली कमाई, यांबद्दल २५,००० रुपये. दवाखान्यात असतानाच्या काळात. पुढे २०१८ मध्ये मॅग्मा जनरल इन्शुरन्सच्या प्रकरणात न्यायालयाने मान्य केलं की अपघातात मूल गेलं तर त्याच्या सहवासाला मुकलेल्या आईबापांनाही स्वतंत्र भरपाई मिळाली पाहिजे. हे दोन्ही निकाल माझ्या वकिलांनी मला समजावून सांगितले तेव्हा मी बराच वेळ गप्प होते. माझी मुलगी गेली असती तर माझं दुःख कायद्याच्या हिशेबात आलं असतं. ती जगली, म्हणून डिस्चार्जच्या तारखेला माझा त्रास संपला असं धरलं जातं.

तिच्या जगण्यावरही याचा परिणाम होतो, हे तरी आपण लक्षात घ्या. आईवडिलांची मनःस्थिती आणि मुलाचं सावरणं यांचा संबंध संशोधकांनी वारंवार नोंदलेला आहे. मला तो घरातच दिसला. पाय दुखत असला तरी ती मला सांगेना. आजीला सांगायची आणि वर म्हणायची, "आईला सांगू नको, ती घाबरते." नऊ वर्षांची मुलगी स्वतःचं दुखणं लपवून आईला सांभाळत होती. माझे उपचार नीट सुरू झाले त्यानंतर काही आठवड्यांनी ती एका संध्याकाळी सरळ माझ्याकडे आली आणि म्हणाली, पाय ठणकतोय, तेल लाव. आमच्या फाइलमधल्या माझ्या बिलांनी कोणाचं भलं झालं, हे विचारणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगते.

उपचारांनी बरं वाटतं, हेही इथे मुद्दाम लिहिते, कारण हे पत्र वाचणाऱ्यांमध्ये माझ्यासारखी एखादी असेल. ज्या रस्त्याने मी जात नव्हते त्या रस्त्याने आता जाते. प्रसंग मनात येतो, पण तो मागे घडलेला म्हणून येतो. पती अजून वाटेवर आहेत. बाई, तू कमजोर नाहीस आणि तुला वेड लागलेलं नाही. १४४१६ ला फोन कर, किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जा, आणि मुलासाठी नव्हे, स्वतःसाठी केसपेपर काढ.

परिवहन खात्याला वेगळं सांगायचं ते रस्त्याबद्दल. त्या जागी आजही गतिरोधक नाही, झेब्रा पट्टे नाहीत, उलट्या दिशेने वाहनं येतातच. राज्यात स्कूल बसचे नियम २०११ पासून आहेत आणि प्रत्येक शाळेत परिवहन समिती असली पाहिजे असं ते सांगतात. आमच्या शाळेच्या समितीची बैठक झालेली कोणाच्या आठवणीत नाही. डॉक्टर मला सांगतात की भीती खरी आहे का हे स्वतःला विचारायला शिका. मी त्या रस्त्याकडे बघते आणि उत्तर येतं की भीती खरी आहे. रस्ता सुधारणं हा माझ्या उपचारांचाच भाग आहे, आणि तो माझे डॉक्टर करू शकत नाहीत.

मागण्या अशा आहेत.

रस्ते अपघातात जखमी झालेलं मूल ज्या सरकारी किंवा सरकारी योजनेतल्या रुग्णालयात दाखल होईल, तिथे डिस्चार्जआधी मुलाला आणि त्याच्या दोन्ही पालकांना मानसिक ताणाबद्दल ठरावीक प्रश्न विचारले जावेत, आणि महिन्याने जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून त्या घरी फोन जावा. डिस्चार्ज कार्डावर लक्षणं मराठीत छापावीत, १४४१६ हा क्रमांक आणि जवळच्या मनोविकार विभागाचा वार व वेळ छापावी. स्थलांतरित कामगार असतील तर त्यांच्या मूळ जिल्ह्याला कळवावं.

अपघातग्रस्त मुलाच्या पालकांना मानसोपचारांपुरतं लाभार्थी मानावं आणि अपघातापासून निदान एक वर्ष हे उपचार मोफत मिळावेत. केंद्राच्या योजनेची मुदत सात दिवसांचीच राहणार असेल तर पुढचा भार राज्याने उचलावा.

पालकांचा जबाब घेण्याची लेखी कार्यपद्धती गृह खात्याने काढावी: बसायला जागा, शक्यतो एकच जबाब, अगदी गरज असल्याशिवाय पालकाला घटनास्थळी न नेणं, आणि नव्वद दिवसांतली माहिती न मागता लेखी देणं. तपासासाठी घेतलेलं चित्रण बाहेर गेलं तर जबाबदारी निश्चित करून कारवाई व्हावी, आणि समाजमाध्यमांवरून ते काढून घेण्यासाठी सायबर पोलिसांनी स्वतः पत्रव्यवहार करावा. हे आईबापांवर सोपवू नये.

भरपाईच्या दाव्यांत पालकांच्या स्वतःच्या उपचारांचा खर्च ही वेगळी बाब म्हणून मागता यावी, यासाठी राज्याच्या मोटार वाहन नियमांतल्या अर्जाच्या नमुन्यात रकाना घालावा, आणि कायद्यात बदल हवा असेल तर राज्याने तशी शिफारस केंद्राला करावी. न्यायाधिकरणाने काय ठरवायचं ते न्यायाधिकरण ठरवेल. मागायला जागा तरी असू द्या.

शाळेजवळ मुलाचा अपघात झाला की त्या जागेची पाहणी करून काय दुरुस्ती करणार आणि कधी, हे त्या कुटुंबाला लेखी कळवावं. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीत अपघातग्रस्त कुटुंबातली एक व्यक्ती सदस्य असावी. जानेवारीतल्या रस्ता सुरक्षा अभियानात आम्हाला व्यासपीठावर बोलावून हार घातले जातात. त्यापेक्षा बैठकीत खुर्ची द्या.

या पत्राची प्रत आमच्या आमदारांना, जिल्हाधिकाऱ्यांना आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना स्वतंत्रपणे दिली आहे. तिन्ही खात्यांनी आपापल्या मागण्यांवर काय करणार आणि काय करता येणार नाही, हे लेखी कळवावं ही विनंती. न्यायाधिकरणातली पुढची तारीख जवळ आली आहे. माझी बिलं मी मागे घेतलेली नाहीत आणि घेणार नाही.

आपली विश्वासू,
अपघातग्रस्त मुलीची आई